डबे अंगणात होतील

सोमवारी सकाळी दोन माणसं आली, दारात बूट नीट जोडून ठेवले आणि अर्ध्या तासात सुमियोबाईंची गॅसची शेगडी उचलून घेऊन गेली. जाताना दोघांनी कमरेत वाकून आभारही मानले. शेगडीच्या जागी आता काळ्या काचेचा इंडक्शन होता, चकचकीत आणि थंडगार. सुमियोबाईंनी त्यावर बोट टेकवलं, तर तो ‘पीं’ करून ओरडला आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या स्वयंपाकघरातून विस्तव काढून नेला तर तिला काय वाटेल, हे घरात कुणाला कळत नव्हतं असं नाही. मुलगा नोरिफुमी त्या दिवशी मुद्दाम लवकर कामाला गेला होता. सून चिहारूनं वृद्धाश्रमातली आपली पाळी बदलून सकाळची घेतली होती. नात मिनोरी शाळेत होती. घरात उरल्या होत्या सुमियोबाई आणि ती काच.

आता चूक कुणाची म्हणाल, तर सुमियोबाईंचीच. ते त्यांनी कधी नाकारलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी समुद्री शेवाळ आणि सोयाबीन शिजत ठेवलं होतं. तेवढ्यात गल्लीची फाइल आली. नगरपालिकेच्या सूचना लावलेली ही फाइल घरोघर फिरते. आपण वाचायची, शिक्का मारायचा, शेजारी नेऊन द्यायची. सुमियोबाई ती घेऊन शेजारच्या हात्सुएबाईंकडे गेल्या आणि तिथेच रमल्या. परत येईपर्यंत पातेल्याचा कोळसा झाला होता, पडदा काळा पडला होता, समोरच्या घरातून फोन गेला होता आणि त्या चिंचोळ्या गल्लीत आगीचे दोन बंब घुसले होते. बरं, फाइलमध्ये सूचना कसली होती? आगीपासून सावध राहण्याची. आणि लिहिली कुणी होती? नगरपालिकेच्या आपत्ती निवारण विभागाचे प्रमुख नोरिफुमी होन्मा यांनी. म्हणजे सुमियोबाईंच्या पोटच्या पोरानं.

दुसऱ्या दिवशी नोरिफुमी आणि चिहारू मिठाईचे खोके घेऊन अकरा घरी गेले आणि अकरा उंबऱ्यांपुढे वाकले. सुमियोबाई त्यांच्या मागे उभ्या राहून त्यांच्याहून खाली वाकल्या. ती शरम त्यांनी निमूट सोसली. पण शरम वेगळी आणि शेगडी वेगळी.

त्यांनी कपाटातून आपला तांब्याचा चौकोनी तवा काढला. आतून कल्हई केलेला, लाकडी मुठीचा. सॅमन खारवायच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेला. एकोणपन्नास वर्षं रोज सकाळी या तव्यावर अंडं पातळ पसरायचं, गुंडाळत एका कडेला न्यायचं, तेलाचा बोळा फिरवायचा, पुन्हा अंडं ओतायचं, पुन्हा गुंडाळायचं. आधी नवऱ्याचा डबा, मग नोरिफुमीचा, मग सुनेचा आणि नातीचा. त्यांनी तवा काचेवर ठेवला आणि बटण दाबलं. काच तीनदा ओरडली आणि विझली. तांबं तिला चालत नव्हतं.

“तुला चालत नाही?” सुमियोबाई काचेला म्हणाल्या. “मलाही तू चालत नाहीस.”

रात्री जेवताना नोरिफुमीनं घसा साफ केला. बावन्न वर्षांचा बाप्या, पण आईपुढे अवघड काही बोलायचं असलं की अजून भाताच्या वाटीत बघून बोलायचा.

“आई, झालं ते झालं. पण आता डबे बंद. मी कँटीनमध्ये खाईन. मिनोरी शाळेत पाव घेईल.”

“आणि चिहारू?”

“माझं काय, तिथे मिळतं काहीतरी,” चिहारू हळूच म्हणाली.

“तिथे म्हणजे वृद्धाश्रमात? त्या कवळ्या काढलेल्या लोकांसाठी बारीक चिरून लगदा केलेलं असतं, ते?”

मिनोरीला हसू फुटलं. नोरिफुमीनं तिच्याकडे डोळे वटारले.

“आणि पुढच्या सोमवारपासून तू आठवड्यातून तीन दिवस म्हाताऱ्यांच्या डे-केअरला जाशील,” तो म्हणाला. “मी अर्ज भरलाय. न्यायला गाडी येते. तिथे गाणी म्हणतात, व्यायाम घेतात, अंघोळ घालतात.”

“मला अंघोळ घालणार? का, माझे हात गळून पडलेत?”

“आई, बंब आला होता! माझ्या विभागातली माणसं बघत होती. मी रोज लोकांना आगीवर भाषणं देतो आणि माझ्याच घरात...”

“म्हणजे तुला आगीची नाही, भाषणाची काळजी.”

“चिहारूला विचार. तिच्याकडे भाजलेल्या दोन म्हाताऱ्या आहेत.”

चिहारूनं नुसती मान हलवली. एकोणीस वर्षांत सुमियोबाईंनी या सुनेचं मान हलवणंच जास्त पाहिलं होतं. शांत बाई. कामसू. कधी उलटून बोलली नाही.

सुमियोबाईंना झोप लागली नाही. राग तर होताच, पण रागाखाली भीती होती आणि ती त्यांना रागापेक्षा जास्त छळत होती. दिवसातून एक तास, पहाटे साडेपाच ते साडेसहा, या घराला त्यांची गरज होती. तो तास गेला की त्या कोपऱ्यातल्या उशीवर बसून टीव्ही बघणारी म्हातारी झाल्या. मग आज गाडी, उद्या अंघोळ, परवा लगदा. हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

मंगळवारी घरातले सगळे बाहेर पडल्यावर त्यांनी कंबर कसली. मागच्या पडवीतून मातीची शेगडी ओढून काढली. ही शरद ऋतूत मासे भाजण्यापुरती बाहेर यायची. तिच्यातली कोळ्यांची जाळी झाडली, कोळशाची पोती तपासली, विझते कोळसे टाकायचं झाकणाचं मडकं शोधलं. मग तोंड धुतलं, स्वच्छ एप्रन घातला आणि पुन्हा त्याच अकरा घरी गेल्या.

“मागच्या वेळेस फार त्रास दिला,” प्रत्येक दारात त्या वाकून म्हणाल्या. “उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला माझ्या अंगणातून धूर येईल. तो मुद्दाम काढलेला असेल. कृपा करून बंब बोलवू नका.”

समोरच्या घरातल्या बाईंचं तोंड उघडंच राहिलं. हात्सुएबाई मात्र खोकला येईपर्यंत हसल्या.

“सुमियोबाई, अहो, मुलगा काय म्हणेल?”

“म्हणेल ते म्हणेल. जवळजवळ त्याच्या वयाचा माझा तवा आहे.”

घरी येऊन त्यांनी अग्निशमन केंद्रालाही फोन लावला. आगीसारखा दिसणारा धूर काढायचा असेल तर आधी कळवावं, असा नियम आहे. तो नोरिफुमीच जेवताना सांगायचा. फोनवरच्या तरुण पोरानं नाव, पत्ता, वेळ लिहून घेतली आणि विचारलं, “कारण काय लिहू, आजी?”

“डबे,” सुमियोबाई म्हणाल्या. “आणि रोज लिही. एक दिवसाचं नाही.”

बुधवारी पहाटे अंगणातल्या फरशीवर शेगडी पेटली. नोव्हेंबरची थंडी होती, नदीकडून वारा येत होता आणि पर्सिमनच्या झाडावर दोन-चार फळं पक्ष्यांसाठी ठेवलेली होती. भात विजेच्या कुकरमध्ये झाला होता, त्याला कुणाची हरकत नव्हती. सुमियोबाईंनी अंगावर नवऱ्याचा जुना कोट चढवला, उलट्या क्रेटवर बसल्या आणि जाळीवर खारवलेल्या सॅमनचे तीन तुकडे ठेवले. चरबी कोळशावर पडून चरचरली. मग गाजर आणि गोबोच्या मुळाच्या काड्या सोया सॉसमध्ये परतल्या. शेवटी तांब्याचा तवा. अंडं पसरलं, आक्रसलं, वळलं. त्या एकदाही जागच्या हलल्या नाहीत. घरात फोन वाजला, वाजू दिला. पाठीत कळ आली, येऊ दिली. सगळं झाल्यावर प्रत्येक निखारा चिमट्यानं उचलून मडक्यात टाकला, झाकण लावलं आणि रिकामी शेगडी हात फिरवून पाहिली.

साडेसातला दारातल्या बुटांच्या कपाटावर तीन डबे कापडात बांधून रांगेत उभे होते.

मिनोरीनं आपला डबा उचलला आणि “आजी, येते!” म्हणून पळाली. तिला घरातल्या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं, तिला सॅमनचा वास आला होता. चिहारू थांबली, डब्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि तशीच गेली. नोरिफुमी लालबुंद झाला होता.

“ठरलं होतं ना आपलं?”

“तुझं ठरलं होतं. माझं आज ठरलं.”

“मी नेणार नाही.”

“नको नेऊस. मी आणून देईन.”

त्याला वाटलं, म्हातारी बोलतेय. पण बाराच्या ठोक्याला एप्रन घातलेल्या सुमियोबाई नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, आपत्ती निवारण विभागाच्या खिडकीशी उभ्या होत्या. हातात कापडात बांधलेला डबा.

“विभागप्रमुख होन्मांचं जेवण आणलंय,” त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. “घरी विसरले ते.”

नऊ माना एकदम वर झाल्या. नोरिफुमी इतक्या घाईनं उठला की खुर्ची मागच्या कपाटावर आपटली. त्यानं आईला दंडाला धरून जिन्यापाशी नेलं.

“आई, तू माझी शोभा करायची ठरवलीयेस का? सकाळी अग्निशमन केंद्रातून फोन आला मला! ‘होन्मासाहेब, तुमच्या मातोश्रींनी रोजच्या धुराची नोंद केलीय, कारण: डबे.’ सगळं केंद्र हसत होतं!”

“नियमानं केलं. तूच सांगायचास.”

“तुला कळत कसं नाही? तू विस्तव विसरलीस! परत विसरशील!”

“हो, विसरले!” सुमियोबाईंचा आवाज चढला. “एकोणपन्नास वर्षांत एकदा विसरले. खोटं नाही बोलत. पण तुझ्या कागदावर काय लिहिलं होतंस ते सांगू? मला पाठ आहे. ‘विस्तव पेटता असताना जागा सोडू नका.’ बरोबर? म्हाताऱ्या बायकांनी विस्तव पेटवू नये, असं कुठे लिहिलं होतंस? लिहायचं होतंस ना! मग मी फाइल हात्सुएकडे नेली नसती, फाडून टाकली असती.”

“तुला कसा काय पाठ?”

“दोनदा वाचून दाखवला तिला. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही. खाली तुझं नाव होतं, तेही वाचलं. म्हटलं, बघ, माझ्या पोरानं लिहिलंय. तेवढ्यात गेलं जळून.”

जिन्यावरून कुणीतरी फायली घेऊन वर आलं, वाकलं, निघून गेलं.

“शेगडी परत येणार नाही, आई,” तो अखेर म्हणाला. आवाज खाली आला होता, पण शब्द तेच होते. “सोमवारी गाडी येईल. मी बोलून बसलोय.”

“मग तूच बसून जा गाडीत.”

डबा त्याच्या छातीवर टेकवून त्या जिना उतरल्या. घरी येईपर्यंत त्यांना रडू फुटलं नाही. घरी आल्यावर फुटलं, तेही दोनच मिनिटं, कारण उद्याचे तांदूळ धुवायचे होते.

गुरुवारी पहाटे निखारे फुलले होते, मासा उलटून झाला होता, इतक्यात मागचं दार सरकलं. चिहारू बाहेर आली. अंगावर जाड जॅकेट, केस विस्कटलेले. ती दुसरं क्रेट ओढून शेगडीच्या पलीकडे बसली.

“पाळत ठेवायला पाठवलं त्यानं?” सुमियोबाईंनी विचारलं.

“ते झोपलेत.”

“मग आत जा. गारठशील.”

“आई, मला काहीतरी बोलायचंय,” चिहारू म्हणाली. तिचा आवाज कापत होता, थंडीनं असेल असं सुमियोबाईंना वाटलं. “शेगडी काढायचं मी सुचवलं. त्यांनी नाही.”

सुमियोबाईंच्या हातातल्या चॉपस्टिक्स थांबल्या.

“आमच्याकडच्या त्या दोघी बघते ना मी. एकीच्या हाताची पट्टी रोज मी बदलते, खाली सालं निघालेली असतात. मला खरंच भीती वाटते, तुमचंही तसं होईल म्हणून. पण...” तिनं श्वास घेतला. “पण शेगडी गेली तेव्हा मला बरंही वाटलं. खरं सांगते. वाटलं, आता त्या काचेवर आईही नवख्या आणि मीही नवखी.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षांत मी माझ्या मुलीचा एक डबा केलेला नाही, आई. मिनोरी बालवाडीत गेली तेव्हा मी पहाटे चारला उठले होते, तिचा पहिला डबा करायला. आठवतं? तुम्ही तीनलाच उठून करून ठेवला होता. वर म्हणालात, ‘झोप गं, तू दमतेस.’ मग मी पुन्हा कधी उठलेच नाही. तिथे शंभर लोकांना भरवते मी. माझ्या पोरीला काय आवडतं हे मला तुम्हाला विचारावं लागतं.”

हो, तीनला उठल्या होत्या. पोरगी दमते म्हणून उठलो, असं त्या इतकी वर्षं स्वतःला सांगत आल्या होत्या. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं आता शेगडीच्या पलीकडे बसून त्यांच्याकडे बघत होतं, आणि बघणारीचे डोळे भरले होते तरी खाली झुकले नव्हते.

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्यापुढे? या घरात तुमच्यापुढे बोलायची सोय आहे? तुमच्या मुलाला विचारा.”

“सोमवारी तर मान हलवलीस.”

“हो. एकोणीस वर्षं हलवतेय. आता दुखायला लागली.” चिहारूनं हात पुढे केला. “द्या इकडे. अंडं मी करणार.”

“हा तवा तापट आहे. तांबं आहे ते, तुला जमणार नाही. डावीकडे जास्त...”

“नाही जमलं तर नाही जमलं. द्या.”

सुमियोबाईंनी एक क्षण तव्याची मूठ घट्ट धरली. सोमवारी दोन परकी माणसं शेगडी घेऊन गेली, तेव्हा रागावणं सोपं होतं. आता मागणारी घरातलीच होती आणि तिचं मागणं रास्त होतं. त्यांनी मूठ सोडली.

चिहारूनं अंडं ओतलं. फार ओतलं. डावीकडे फुगलं, उजवीकडे कच्चं राहिलं, गुंडाळायला गेली तर मधोमध फाटलं. सुमियोबाईंचे हात आपसूक उठले.

“हात लावू नका!” चिहारू ओरडली.

आयुष्यात सुमियोबाईंवर असं कुणी ओरडलं नव्हतं, नवरासुद्धा नाही. त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले आणि तसेच ठेवले. अंड्याची एक बाजू तपकिरी झाली, मग काळी. वास आला. त्या ओठ दाबून बसून राहिल्या.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. नोरिफुमीचं झोपाळलेलं डोकं बाहेर आलं.

“आता दोघी? अगं, ठरलं काय होतं आपलं? चिहारू, तूसुद्धा?”

“ठरवलं तुम्ही, मी नुसती मान हलवली होती,” चिहारूनं वर न बघताच उत्तर दिलं. “विस्तव पेटलाय. उद्याही पेटेल. एक दिवस आई, एक दिवस मी, आणि जी करत नसेल ती समोर बसेल. डे-केअरचा अर्ज आज रद्द करा. आणि भीती वाटत असेल तर बादली भरून खाली या, नाहीतर खिडकी लावा. घर गार होतंय.”

एक दिवस आई, एक दिवस मी. हे सुमियोबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या बोलणार होत्या. पण वर बघितलं, तर पोराचा चेहरा असा काही झाला होता की त्यांनी ते बोलणं गिळलं आणि सुनेच्या बाजूनं हनुवटी उचलली.

“ऐकलंस ना?” त्या म्हणाल्या. “बादली मोठी आण.”

खिडकी लागली. दोघींनी अंडं कापलं. सहा तुकडे झाले, त्यातले चार बरे दिसत होते. भात डब्यांत भरून पडवीच्या कठड्यावर ठेवला होता, त्यातून वाफा निघत होत्या; तुकडे त्यांनी भाताशेजारी लावले. मागचं दार पुन्हा सरकलं. पायजम्यावर ऑफिसचा कोट घातलेले विभागप्रमुख दोन्ही हातांनी भरलेली बादली सांभाळत बाहेर आले आणि त्यांनी ती शेगडीपासून अगदी नियमात बसेल इतक्या अंतरावर ठेवली. मग तो कठड्यापाशी गेला.

“यातला माझा कुठला?”

“काळी बाजू दिसतेय तो,” सुमियोबाई म्हणाल्या. “तुझ्या बायकोनं केलंय. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. एक तुकडाही टाकायचा नाही.”

नोरिफुमीनं डब्यात वाकून पाहिलं. त्या फाटक्या, करपलेल्या तुकड्यांकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग बायकोकडे बघायचं टाळून त्यानं झाकण उचललं आणि डबा बंद करायला घेतला.

“गरम आहे! झाकण नको!” दोघी एकाच दमात ओरडल्या. “आंबेल ना भात!”

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि झाकण धरून तसाच उभा राहिला, भात गार होईपर्यंत.